हार्ड डिस्क घेताना नुसते टीबी बघू नका, आणि डीव्हीडी रायटर भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत दिवाळीच्या खरेदीचं पान होतं, मोबाइल कुठला घ्यावा, टीव्ही केवढा घ्यावा वगैरे, आणि खाली कोपऱ्यात एक्स्टर्नल हार्ड डिस्कबद्दल चार ओळी होत्या. बजेटमधे बसतील तेवढे जास्त टीबी, म्हणजे साठवायची जागा, घ्या आणि सीडी-डीव्हीडीचा जमाना गेला, त्यांच्यावर डेटा लिहिणाऱ्या रायटरवर पैसे घालवू नका, असं त्यात होतं. मी गेली अठरा वर्षं सांगलीत एमएस-सीआयटीचे क्लास घेते, क्लासमुळे ओळखीपाळखीचे लोक बंद पडलेल्या हार्ड डिस्का घेऊन माझ्याकडेच येतात, मॅडम बघा ना काही निघतंय का म्हणून, आणि दहातल्या सात-आठ जणांना मला काही निघत नाही असंच सांगावं लागतं. त्यामुळे त्या चार ओळी वाचून राहवलं नाही. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर काटछाट करा, पण पुराचं जे लिहितेय तेवढं ठेवा ही विनंती.

आमचं घर गावभागात, तळमजला आणि वर एक खोली. २००५ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं तिथे माझ्या सासऱ्यांनी भिंतीवर ऑइल पेंटने रेघ मारून ठेवलीय, लाल रंगाची. ऑगस्ट २०१९ मधे कृष्णेचं पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही त्या रेघेवर विश्वास ठेवला, गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या रेघेवर ठेवला. धान्य, सिलिंडर, घराची कागदपत्रं वर नेली. वरच्या खोलीत आम्ही आणि शेजारचं एक कुटुंब, चार लहान पोरं, त्यात कुणाचा पाय पडेल, कुणी पाडेल म्हणून हार्ड डिस्क मी मुद्दाम खालीच ठेवली, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून. तो कप्पा लाल रेघेच्या चांगला हातभर वर होता. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली, कपाट बुडालं, आम्ही बोटीतून बाहेर पडलो आणि परत आलो तेव्हा कपाटाच्या दारातून गाळ बाहेर आला होता.

त्या डिस्कवर २०१३ पासूनचे सगळे फोटो होते. आणि माझ्या आईच्या ओव्या होत्या. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, आई पहाटे जात्यावर बसायची त्या पिढीतली, आणि २०१६ च्या मे महिन्यात चार दुपारी बसून मी मोबाइलवर तिच्याकडून आठवतील तेवढ्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. साडेतीन तासांचं रेकॉर्डिंग. मधेच ती थांबायची, ही ओवी कुणाकडून शिकले ते सांगायची, मागे कोंबड्यांचा आवाज. मोबाइल बदलला तेव्हा ते सगळं हार्ड डिस्कवर टाकलं, मोबाइलमधून काढलं, आणि आता सेफ आहे म्हणून निर्धास्त झाले. आई २०१८ ला गेली.

पिशवीत पाणी शिरलं होतं. मी काय केलं तर डिस्क पुसली, हेअर ड्रायर लावला, दोन दिवस उन्हात ठेवली आणि कॉम्प्युटरला जोडली. टक टक टक असा आवाज आला, तीन-चारदा, आणि बंद. हे मी इतकं सविस्तर लिहितेय कारण तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते आता माहीत झालंय आणि ते पुराच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला माहीत असायला पाहिजे. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, आत फिल्टर असतो, म्हणजे ती पूर्ण बंद डबी नाही, पाण्यात गेली की त्या वाटेने पाणी आत जातं आणि आपल्या पुराचं पाणी म्हणजे गाळच. आत चकचकीत तबकडी मिनिटाला ५४०० फेरे फिरते आणि डेटा वाचणारं टोक तिच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, केसाची जाडी त्याच्या हजारो पट होईल. गाळ सुकला की तो त्या तबकडीवर पॉलिश पेपरसारखा बसतो आणि आपण वीज दिली की स्वतःच्या हाताने सगळं खरवडून काढतो. भिजलेली डिस्क जोडायची नाही, सुकवायचीही नाही, आहे तशी ओलसर झिपच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवायची, हे मला नंतर पुण्यात एका रिकव्हरीवाल्याने सांगितलं. खर्च त्याने पस्तीस हजार सांगितला, आणि जोडून बघितलीय म्हटल्यावर खात्री देत नाही म्हणाला.

आता दुसरी गोष्ट. त्याच कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात गोल डब्यात ४६ सीडी-डीव्हीडी होत्या. २००६ ते २०१२ या काळात दर महिन्या-दोन महिन्याला मी फोटो डीव्हीडीवर राइट करायचे, तेव्हा हार्ड डिस्क परवडत नव्हती, डीव्हीडी पंधरा-वीस रुपयाला मिळायची. पुढे हार्ड डिस्क आली आणि ती सवय गेली. तो डबा दहा दिवस पाण्याखाली होता, उघडला तेव्हा आत चिखलाचा लगदा. नळाला पाणी नव्हतं, टँकरच्या पाण्यात एकेक डिस्क बुडवून, बोटांनी न घासता, नुसतं पाणी ओतून गाळ काढला, जुन्या सुती ओढणीने मधल्या भोकाकडून कडेकडे अशी पुसली, गोल गोल नाही, आणि सावलीत उभ्या करून ठेवल्या. ४६ पैकी ४३ चालल्या. माझ्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ, सासऱ्यांच्या साठीचे फोटो, सगळं निघालं. ज्या तीन गेल्या त्या लग्नाच्या स्टुडिओतून आलेल्या सीड्या, ज्यांच्यावर कागदाचं रंगीत स्टिकर चिकटवलेलं होतं, तो कागद फुगून सुटला तो खालचा चंदेरी थर घेऊनच सुटला.

असं का झालं तेही सांगते, कारण बहुतेकांचा समज उलटा असतो. सीडीमधे डेटाचा थर वरच्या छापील बाजूला असतो, वरून फक्त लॅकरचा पातळ लेप. आपण चकाकणारी खालची बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नावं लिहितो, स्टिकर लावतो, म्हणजे नेमकं जे जपायचं त्याच्यावरच घाव. डीव्हीडीचं तसं नसतं, तिच्यात अर्धा-पाऊण मिलिमीटरचे दोन प्लास्टिकचे पत्रे असतात आणि डेटा त्यांच्या मधे, सँडविचसारखा. म्हणून डीव्हीडी पाण्याला बरीच टिकते. तिला ऊन चालत नाही, राइट करायच्या डिस्कमधे रंगाचा थर असतो आणि उन्हाने तो विटतो, खिडकीत ठेवलेली डीव्हीडी काही वर्षांत जाते. पण कपाटात अंधारात, उभी, डबीत असेल तर ती चांगली वर्षानुवर्षं टिकते हे मी माझ्या हाताने बघितलंय.

त्यामुळे जमाना गेला असं एका ओळीत म्हणून टाकू नका हो. वेग आणि जागा बघितली तर डीव्हीडी मागे पडली हे खरंच आहे, एका डीव्हीडीत ४.७ जीबी बसतं, एक टीबी भरायला दोनशेच्या वर डीव्हीडी लागतील, कुणीही तेवढं करणार नाही आणि करूही नये. पण घरातलं खरं मोलाचं असतं ते किती असतं? माझ्या आईच्या ओव्या सगळ्या मिळून तीनशे एमबी पण नव्हत्या. एका सीडीत, ७०० एमबीच्या, दोनदा बसल्या असत्या. वीस रुपयांचं काम होतं ते.

आता घ्यायचं झालं तर काय आणि कसं, ते लिहिते.

पहिलं म्हणजे चार टीबीची एक घेण्यापेक्षा दोन टीबीच्या दोन घ्या, किंवा एक-एक टीबीच्या दोन. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. एकीवर जे आहे तेच दुसरीवर, आणि दुसरी तुमच्या घरात नाही ठेवायची. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाचं हेच झालेलं असतं, की कॉम्प्युटर भरला म्हणून फोटो हार्ड डिस्कवर "हलवले", कॉपी नाही केले, कट करून पेस्ट केले, आणि तोच एक ठेवा राहिला. त्याला बॅकअप म्हणतच नाहीत, ती नुसती जागा बदलली. फोटोग्राफर लोकांमधे तीन-दोन-एक असा एक नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकांपर्यंत पोचवला. पूर येणाऱ्या गावाला हा नियम किती लागू पडतो बघा, प्रकार वेगळा आणि घर वेगळं.

कंपनीचं विचाराल तर जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या आता तीनच कंपन्या उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी डब्यावर कुठलंही नाव असलं तरी आतली डिस्क या तिघांपैकीच एकाची. त्यामुळे कुठली कंपनी चांगली यावर डोकं खपवण्यापेक्षा बिल, वॉरंटी आणि सीरियल नंबर बघा, कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला की वॉरंटी किती शिल्लक आहे ते दिसतं, आणि नवी म्हणून घेतलेल्या डिस्कची वॉरंटी सहा महिनेच उरलेली दिसली तर ती परत करा. आणि वॉरंटी म्हणजे काय तेही समजून घ्या. तीन वर्षांची वॉरंटी म्हणजे डिस्क बदलून मिळेल, आतले फोटो नाहीत. वर बंद पडलेली डिस्क कंपनीला द्यावी लागते, म्हणजे रिकव्हरीची जी काही आशा होती तीही तिच्याबरोबर जाते.

लहान की मोठी हा प्रश्न नेहमी येतो. तळहाताएवढी, अडीच इंची, ती यूएसबीवरच चालते, वेगळा अॅडॅप्टर लागत नाही. मोठी साडेतीन इंची, तिला भिंतीतल्या सॉकेटची वीज लागते, टीबीमागे स्वस्त पडते. आपल्याकडे जिथे लाइट कधीही जाते तिथे घरच्या वापराला मी लहानच सांगते, कारण कॉपी चालू असताना लाइट गेली तर मोठी तिथल्या तिथे बंद पडते, लहान डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहते. डेस्कटॉपला जोडणार असाल तर यूपीएस हवा, आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला जोडा, पुढच्या पोर्टमधे बऱ्याचदा पुरेशी वीज येत नाही, डिस्क नुसती गुरगुरते आणि दिसत नाही, लोक घाबरून माझ्याकडे आणतात आणि मागे लावली की चालते. पोर्ट शक्यतो निळ्या रंगाचा, तो यूएसबी ३ चा. जुन्या यूएसबी २ वर सेकंदाला तीस-पस्तीस एमबी जातात, निळ्यावर शंभरच्या वर, म्हणजे लग्नाचा अख्खा व्हिडिओ कॉपी करायला जिथे तास लागतो तिथे वीस मिनिटं.

नवीन घेतल्यावर एक टीबीची डिस्क विंडोजमधे ९३१ जीबी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक. फॉरमॅटचं, म्हणजे डिस्कवर फाइल कुठल्या पद्धतीने ठेवल्या जातात त्याचं, मात्र बघा. टीव्हीला लावायची म्हणून लोक फॅट३२ करून घेतात आणि मग चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जात नाही. एनटीएफएस केली तर भाच्याच्या मॅकवर वाचता येते पण त्यात काही टाकता येत नाही. घरात दोन्ही तऱ्हेचे कॉम्प्युटर असतील तर एक्सफॅट करा.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, घ्यावी का असं पोरं विचारतात. आत फिरणारं काही नाही, पडली तरी सहसा काही होत नाही, वेग कितीतरी जास्त, जो रोज बॅगेत घालून फिरतो किंवा व्हिडिओ एडिट करतो त्याने जरूर घ्यावी. पण कपाटात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या ठेव्यासाठी मी एसएसडी सांगत नाही, किंमत टीबीमागे जास्त आणि बरीच वर्षं वीज मिळाली नाही तर तिच्यातला डेटा पुसट होत जाऊ शकतो. शिवाय हार्ड डिस्क बऱ्याचदा जायच्या आधी कुरकुरते, स्लो होते, आवाज करते, एसएसडी बहुतेक वेळा न सांगता जाते. हार्ड डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात निळं गुड असं आलं तर ठीक, पिवळं कॉशन आलं की त्याच दिवशी सगळं दुसरीकडे कॉपी करा, पुढच्या रविवारी करू म्हणू नका.

आणि आता ज्याच्यासाठी मला तुमच्या पेपरची खरंच मदत हवीय ते. सेलमधे "१६ टीबी" लिहिलेली एसएसडी दीड-दोन हजारात मिळते. जास्तीत जास्त टीबी घ्या म्हटलं की माणूस तीच घेणार ना. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचे वडील, मिरजेला रिक्षा चालवतात, असली एक घेऊन आले. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो, व्हिडिओ सगळं तिच्यावर टाकलं होतं, फोल्डर दिसत होते, नावं दिसत होती, फाइलचा साइजही दिसत होता, पण उघडत एकही नव्हती. त्यांना विचारून स्क्रू काढले. आत एक छोटा बोर्ड, त्यावर मोबाइलमधे घालतो तसलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड गरम गोंदाने चिकटवलेलं, आणि हाताला वजन लागावं म्हणून लोखंडाची पट्टी. त्या बोर्डाला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, तो कॉम्प्युटरला सांगतो माझ्यात १६ टीबी आहेत, खरी जागा संपली की पुढचा डेटा नुसता फेकून देतो नाहीतर जुन्यावरच लिहितो, आणि वरवर सगळं नीट चालल्यासारखं दिसतं. ते गृहस्थ ती लोखंडी पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मोबाइलमधले फोटो त्यांनी जागा करायला म्हणून आधीच डिलीट केले होते.

म्हणून नवीन कुठलीही डिस्क आली की त्यावर काही टाकायच्या आधी ती पूर्ण भरून तपासा. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते अख्खी डिस्क भरतं आणि परत वाचून बघतं. दोन टीबीला निळ्या पोर्टवर साधारण सहा तास लिहायला आणि तेवढेच वाचायला, म्हणजे रात्री लावून झोपायचं. एक तर खोटी असेल तर कळतं, आणि खरी असून आतून कच्ची असेल तर तेही परत करायची मुदत आहे तोवर कळतं. सेलमधल्या वस्तूला परत करायला सात-दहा दिवस असतात, आणि लोक दिवाळीत घेतलेली डिस्क तुळशीच्या लग्नानंतर उघडतात.

आता रायटर. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह येतच नाही, म्हणून बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर घ्यावा लागतो, चांगल्या कंपनीचा दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. घेताना एवढंच बघा की नावाजलेल्या कंपनीचा आहे, लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर त्याला जोडणारी केबल आहे, आणि जमलं तर एम-डिस्कचा शिक्का आहे. एम-डिस्क ही वेगळी डीव्हीडी असते, तिच्यात रंगाचा थर नसून दगडासारखा न विटणारा थर असतो, कंपनी हजार वर्षं म्हणते. मला हजार वर्षं नकोयत, मुलीच्या मुलीपर्यंत पोचलं तरी खूप झालं. महाग असते ती, दहाचं पाकीट मागवून दोन-तीन घरांनी वाटून घेतलं तर जमतं, आम्ही गल्लीत तसंच केलं. ब्लू-रे रायटर, २५ जीबीच्या डिस्कवाला, हौस आणि पैसे असतील त्यांनी घ्यावा, बाकीच्यांना डीव्हीडी पुरते.

ज्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधे रायटर आहे त्यांनी कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी तो काढून घ्या. साटा केबलचा, म्हणजे कॅबिनेटच्या आत पातळ चपट्या केबलने जोडलेला असेल तर यूएसबीला जोडायचं कन्व्हर्टर मिळतं, पण १२ व्होल्टचा अॅडॅप्टर सोबत असलेलंच घ्या, नुसत्या यूएसबीवर डेस्कटॉपचा ड्राइव्ह चालत नाही. आणि तो जुना जाडा ड्राइव्ह बाहेरच्या पातळ रायटरपेक्षा बऱ्याचदा चांगलं राइट करतो, ओरखडे पडलेल्या डिस्काही जास्त वाचतो, हा माझा अनुभव आहे.

राइट करताना घाई करू नका. डिस्कवर १६एक्स असा वेग लिहिलेला असला तरी मी निम्म्या वेगाला, ८एक्सला लावते, चार-पाच मिनिटं जास्त गेली तर गेली, आणि शेवटी व्हेरिफायची, म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासायची, खूण केल्याशिवाय राइट करायचंच नाही, नाहीतर ट्रे बाहेर आला म्हणजे झालं असं समजून आपण डबीत ठेवतो आणि पाच वर्षांनी कळतं की निम्म्या फाइल नाहीत. पूर्ण काठोकाठ भरू नका, डेटा आतून बाहेर लिहिला जातो आणि बोटं, धूळ, ओरखडे आधी कडेलाच लागतात, म्हणून शेवटचे दोन-तीनशे एमबी मोकळे सोडलेले बरे. आरडब्ल्यू म्हणजे परत परत वापरायची डिस्क ठेव्यासाठी नको. नाव लिहायचं तर डिस्कसाठीचा मार्कर घ्या किंवा मधल्या पारदर्शक गोलावर लिहा. स्टिकर अजिबात नको, ते वर सांगितलंच.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, की हे सगळं कायम मिळत राहणार नाही. ज्यांची डीव्हीडी आपल्या घराघरात होती, अठ्ठावीस रुपयांत सिनेमाच्या व्हीसीड्या ज्यांनी आणल्या, ती मोझर बेअर कंपनी, ग्रेटर नोएडाची, जगातल्या मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांपैकी एक, ती २०१८ मधे दिवाळखोरीत निघाली. सोनीने राइट करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मधे बंद केलं. म्हणून रायटर आत्ता मिळतोय तोवर एक घरात असू द्या, आणि ज्यांच्या घरी लग्नाच्या, मुंजीच्या जुन्या सीड्या पडून आहेत त्यांनी त्या आत्ताच हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या, ड्राइव्ह मिळेनासे झाले की चांगली डिस्क असूनही उपयोग नाही. स्टुडिओवाल्याकडून कॅसेटची डीव्हीडी करून घेताना व्हिडिओची फाइल पेन ड्राइव्हवर पण मागून घ्या.

गूगलवर आहे की सगळं, असं पोरं म्हणतात. असू दे, तीही एक प्रत. पण गूगल फोटोचं अमर्याद फुकट १ जून २०२१ ला संपलं, आता १५ जीबी, त्यातच मेल आणि बाकी सगळं. आणि दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर ते बंद करून आतलं काढून टाकायचं त्यांचं धोरण आहे. गेलेल्या माणसाचं खातं कोण उघडणार आहे? पासवर्ड कुणाला माहीत असतो? कपाटातल्या डबीला पासवर्ड लागत नाही, त्यावर "आई, ओव्या, २०१६" एवढं लिहिलेलं असलं तरी घरातलं कुणीही ओळखतं.

माझ्याकडे अशी डबी आहे, पण तिच्यात एकच ओवी आहे. ओव्या रेकॉर्ड केल्या त्या वर्षी तासगावच्या मावशीने हट्ट धरला म्हणून एक तुकडा, सव्वाचार मिनिटांचा, मी तिच्या नातवाच्या पेन ड्राइव्हवर घालून दिला होता आणि विसरून गेले होते. पूर ओसरल्यावर दोन महिन्यांनी मावशी भेटायला आली आणि तो पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली. त्या तुकड्याच्या आता तीन डीव्हीड्या आहेत, त्यातली एक एम-डिस्क, एक माझ्याकडे, एक पुण्याला भावाकडे, एक विश्रामबागला नणंदेकडे, तिथे पाणी येत नाही. दोन हार्ड डिस्का आहेत, त्यातली एकही या घरात पावसाळ्यात राहत नाही. मृग लागला की एक पुण्याला जाते आणि दुसरी नणंदेकडे, दसऱ्याला परत येतात, मग नवीन फोटो टाकायचे. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा कपाट पुन्हा भिजलं, पण त्यात कपडेच होते.

तर माझी विनंती एवढीच आहे की दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात, एक चौकट छापा. १६ टीबी दोन हजारात मिळत नाही, एकच डिस्क घेऊ नका, आणि भिजलेली हार्ड डिस्क सुकवून जोडू नका, या तीन ओळी बसतील एवढी. तिसरी ओळ जमलं तर जुलैमधेही परत छापा, आयर्विनच्या पाण्याची पातळी तुम्ही रोज पहिल्या पानावर देता त्याच्या खाली.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली